लाईन गेली की लॅपटॉप पत्ते का विसरतो?



संपादक मंडळाने मराठी विभागासाठी 'काहीतरी टेक्निकल' लिहून मागितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी विषय होता, पण परीक्षेतला निबंध सोडून मराठीत काही लिहायची वेळच आली नाही. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आणखी एक गोष्ट. सॉफ्टवेअरची नावं आणि आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या, हे आपल्या होस्टेलला वेगळं सांगायला नको.

माझं घर आलापल्लीला. बाबा वनरक्षक आहेत. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत एसटी आलापल्लीला पोचेपर्यंत मोबाईलची रेंज कितीदा येते नि जाते याचा हिशेब मी सोडून दिलाय. तरी आम्ही सुखीच म्हणायचे. पुढे भामरागडच्या वाटेवर पर्लकोटेला पूर आला की अख्ख्या तालुक्याचा संपर्क तुटल्याच्या बातम्या लहानपणापासून दर पावसाळ्यात वाचत आले आहे.

माझा लॅपटॉप सेकंडहँड. त्यावर लिनक्स आहे आणि बॅटरी मेलेली आहे. म्हणजे लाईन गेली की लॅपटॉप गेला. सुट्टीत घरी असताना हे दिवसातून दोन-तीनदा तरी व्हायचं. लाईन आल्यावर लॅपटॉप सुरू केला की एक गंमत दिसायची. आधी बघितलेलीच संकेतस्थळं पुन्हा उघडताना तो खूप वेळ नुसता विचार करत बसायचा. एकदा का पान यायला लागलं की मात्र बऱ्यापैकी यायचं. वेग कमी असता तर सगळंच हळू झालं असतं. इथे सुरुवातच अडत होती. त्याचं कारण शोधता शोधता मी जे शिकले, आणि त्यात जी चूक केली, ते इथे लिहिते आहे.

पत्ता विचारत विचारत

नेटवर्कला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नावावरून आकडा काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, हे आपण पुस्तकात वाचलंय. प्रत्यक्षात ते कसं चालतं बघा.

समजा, तुम्हाला एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या गावातल्या गुरुजींचं घर शोधायचंय. चंद्रपूरच्या बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीत गुरुजींना कोणी ओळखत नाही. पण एटापल्लीची गाडी कुठे लागते ते तिथे कळतं. एटापल्लीला उतरल्यावर पानठेलेवाला गावाची वाट दाखवतो. गावात शिरल्यावर पहिलंच पोरगं तुम्हाला गुरुजींच्या दारात नेऊन उभं करतं.

डीएनएसमध्ये बसस्टँड म्हणजे रूट सर्व्हर. जगात त्यांची ए ते एम अशी १३ नावं आहेत आणि प्रत्येक नावामागे ठिकठिकाणी प्रती ठेवलेल्या आहेत. पानठेला म्हणजे डॉट इन किंवा डॉट कॉम सांभाळणारे सर्व्हर. पोरगं म्हणजे त्या संकेतस्थळाचा स्वतःचा नाव-सर्व्हर. ही पायपीट सहसा आपल्याऐवजी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर करतो आणि आपल्याला तयार उत्तर देतो.

हा प्रश्न एका छोट्याशा यूडीपी पाकिटातून जातो. यूडीपीत पोच मिळत नाही. रेंज गेली आणि पाकीट हरवलं, तर लिनक्सची नेहमीची रिझॉल्व्हर लायब्ररी ५ सेकंद वाट बघते आणि मग पुन्हा विचारते. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाईलच्या मॅन्युअलमध्ये हा ५ सेकंदांचा आकडा दिलेला आहे. एका पानावर पाच-सहा वेगवेगळ्या संकेतस्थळांचे तुकडे असतात. त्यातल्या दोघांची पाकिटं हरवली तरी चहा होऊन येईपर्यंत पान कोरंच. माझा लॅपटॉप 'विचार' करायचा तो असा.

एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवलं की पुन्हा विचारायला नको. यालाच कॅश म्हणतात. पण कॅश असते रॅममध्ये, आणि लाईन गेली की रॅम पुसली जाते. म्हणजे सगळे पत्ते पुन्हा पहिल्यापासून विचारा!

मग कायमचं लिहूनच ठेवलं तर?

पहिला विचार माझ्याही डोक्यात हाच आला. लिनक्समध्ये ईटीसी फोल्डरात होस्ट्स नावाची फाईल असते. तिच्यात नाव आणि आकडा लिहिला की संगणक कोणालाच विचारत नाही. पण हा मार्ग म्हणजे थेट ४० वर्षं मागे जाणं. १९८३ च्या आधी सगळ्या नेटवर्कची मिळून अशी एकच फाईल होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तसं ते हाताबाहेर गेलं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली.

त्या रचनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टीटीएल. प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदत येते, सेकंदांत. 'गुरुजी इथेच राहतात, पण हा पत्ता एक दिवसच खरा धर. उद्या पुन्हा विचार. बदली झाली असेल तर?' रूट सर्व्हर डॉट इनच्या सर्व्हरचे पत्ते देतो ते १,७२,८०० सेकंदांच्या, म्हणजे दोन दिवसांच्या मुदतीने. मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते ३०० सेकंदांचे किंवा त्याहूनही कमी मुदतीचे असतात. होस्ट्स फाईलमध्ये ही मुदतच नाही. तिथे गुरुजी कधी रिटायरसुद्धा होत नाहीत.

लिनक्सवर काय काय मिळतं

मी तीन-चार सॉफ्टवेअर तपासली. थोडक्यात सांगते.

उबुंटूत आधीपासून असतो सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड. तो १२७.०.०.५३ या पत्त्यावर बसलेला असतो. कॅश ठेवतो, पण रॅममध्येच.

डीएनएसमास्क हलका आणि सोपा आहे. त्याची कॅश मुळात १५० नावांची असते, वाढवता येते. पण तीही रॅममध्येच. डिस्कवर लिहून ठेवायची सोय नाही.

पीडीएनएसडी हा खास डायल-अपच्या जमान्यातला. फोन लावून नेट घ्यायचं, काम झालं की तोडायचं, असे ते दिवस. म्हणून त्याची कॅश मुळातच डिस्कवर राहायची. वाचून वाटलं, आलापल्लीसाठीच बनवलाय! पण २०१२ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. इतकं जुनं झालेलं सॉफ्टवेअर रोजच्या वापरात ठेवू नये असं मला वाटतं.

अनबाउंड हा नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्सचा. त्याची १.० आवृत्ती २००८ मध्ये आली आणि काम अजून चालू आहे. यात दोन आज्ञा आहेत. अनबाउंड-कंट्रोल डंप_कॅश ही सगळी कॅश साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढते. अनबाउंड-कंट्रोल लोड_कॅश ही तो मजकूर परत आत भरते. मी हाच निवडला.

मी केलेली मांडणी

१) अनबाउंड बसवला. त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये रिमोट-कंट्रोल या भागात कंट्रोल-एनेबल: येस असं लिहिलं. नाहीतर वरच्या दोन्ही आज्ञा चालत नाहीत. तो १२७.०.०.१ वर ऐकतो, त्यामुळे १२७.०.०.५३ शी भांडण होत नाही.

२) नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आपोआप मिळणारा डीएनएस बंद करून १२७.०.०.१ लिहिलं. होस्टेलच्या वायफायवर लॉगिनचं पान येत नसेल, तर तेवढ्यापुरतं हे पूर्ववत करा. ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डीएनएस' चालू असेल तर तो आपल्या अनबाउंडला विचारतच नाही. तेही बघून घ्या.

३) डिग आज्ञेने एकच नाव दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी क्वेरी टाइम शून्य किंवा एक मिलिसेकंद दिसला म्हणजे कॅश चालू आहे. उत्तराच्या ओळीत नावानंतरचा आकडा म्हणजे उरलेली मुदत. ती प्रत्येक वेळी कमी होताना दिसते.

४) कॅश उतरवायची कधी? नीट शटडाउन करणाऱ्यांनी सर्व्हिस बंद होतानाच उतरवावी. पण माझ्याकडे शटडाउन लाईनच करते, मी नाही! म्हणून सिस्टमडीचा टायमर लावला, दर १५ मिनिटांनी. लिहिताना आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायचं आणि पूर्ण झाल्यावर एमव्ही आज्ञेने तिचं नाव बदलायचं. थेट मूळ फाईलवर लिहिताना मधेच लाईन गेली तर अर्धवट फाईल हाती राहते.

५) सुरू होताना, अनबाउंड उठल्यावर, ती फाईल लोड_कॅशला द्यायची.

६) फाईलची परवानगी फक्त रूटला. हे विसरू नका. तुम्ही उघडलेल्या एकूण एक संकेतस्थळाचं नाव त्यात असतं. रूममेटने वाचली तर रात्री अभ्यास चालला होता की आणखी काही, ते लगेच कळेल.

हे सगळं चाललं. लाईन आल्यावर लॅपटॉपला सगळं आठवत होतं. मी इतकी खूश झाले की दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवरही हीच मांडणी करून दिली. तिचं गाव माझ्याहून आत आहे.

आणि मग घोटाळा झाला

तिला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. सुट्टीला जायच्या आधी होस्टेलवर तिने ते संकेतस्थळ उघडून बघितलं होतं. 'अर्ज लवकरच सुरू होतील' असं पान होतं. नंतर घरचं लग्नकार्य आलं आणि लॅपटॉप आठ दिवस बंद राहिला. शेवटच्या तारखेला संध्याकाळी तिने तो उघडला. पान तेच, 'अर्ज लवकरच सुरू होतील'. तिने पुन्हा पुन्हा रिफ्रेश केलं. ग्रुपवर विचारलं तर बाकीच्या मुली म्हणाल्या, चालू आहे, आम्ही भरला. मोबाईलवर उघडून बघितलं तर खरंच अर्ज दिसत होता, पण तिची सगळी स्कॅन केलेली कागदपत्रं लॅपटॉपवर. ती मोबाईलवर घेऊन एकेक चढवता चढवता रेंज गेली आणि रात्रीचे बारा वाजून गेले.

ती परत आल्यावर आम्ही दोघींनी लॅपटॉप समोर ठेवून तपासलं. डिगने तेच नाव एकदा १२७.०.०.१ ला विचारलं, एकदा बाहेरच्या सर्व्हरला. दोन वेगळे आकडे आले. आठ दिवसांच्या मधे ते संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर गेलं होतं. जुना सर्व्हर बंद केलेला नव्हता आणि त्याच्यावर जुनंच पान होतं. जुन्या पत्त्याची मुदत मुळात एका दिवसाची होती. आठ दिवसांनंतर तो पत्ता जिवंत कसा राहिला?

उत्तर डंप केलेल्या फाईलमध्येच होतं. अनबाउंड फाईलमध्ये 'अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत खरा' असं लिहीत नाही. 'अजून इतके सेकंद उरले' एवढंच लिहितो. लोड करताना तेवढेच सेकंद त्या क्षणापासून पुन्हा मोजायला लागतो. लॅपटॉप बंद असतानाचे आठ दिवस त्याच्या लेखी झालेच नाहीत. घड्याळ थांबलं होतं, जग पुढे गेलं होतं.

मॅन्युअलमध्ये हा इशारा आहे. जुनी माहिती भरली तर जुनीच उत्तरं मिळतील, आणि ही सोय चुका शोधण्याच्या कामासाठी दिली आहे. मी ती ओळ वाचलीही होती. वाचून पुढे गेले होते.

नंतर त्या अर्जाची मुदत वाढली आणि तिचा अर्ज भरला गेला. पण मुदत वाढली हे काही माझं कर्तृत्व नाही. माझ्या हुशारीमुळे एका मुलीचं वर्षाचं मेसबिल टांगणीला लागलं होतं, एवढं मात्र खरं.

बाबांची डायरी

घरी हे सांगितल्यावर बाबा हसले आणि त्यांनी त्यांची डायरी दाखवली. वनखात्यात बदल्या सारख्या चालू असतात. म्हणून बाबा फोन नंबर पेन्सिलीने लिहितात आणि प्रत्येकाच्या बाजूला लिहिल्याची तारीख टाकतात. जुनी तारीख दिसली की आधी कोणाला तरी विचारतात, 'साहेब अजून तिथेच आहेत ना?' कोणीच भेटलं नाही तरच त्या नंबरवर फोन लावून बघतात.

माझ्या स्क्रिप्टमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या. त्या अशा घातल्या:

एक, तारीख. लोड करण्याआधी स्क्रिप्ट फाईलचं वय बघते. एका तासाहून जुनी असेल तर सरळ टाकून देते. लाईन सहसा तासाभरात येते, तेवढ्यासाठी कॅश वाचते. रात्रभर बंद असेल तर पुन्हा विचारायचं. प्रत्येक ओळीतून गेलेले सेकंद वजा करण्याचा प्रयत्नही मी केला. पण मुदतीचा आकडा फाईलमध्ये एकाहून जास्त ठिकाणी असतो, आणि एक जागा चुकली की पुन्हा तेच. यासाठी लॅपटॉपचं घड्याळ मात्र बरोबर पाहिजे. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर सुरू होताना तारीख मागे गेलेली असते. म्हणून फाईल 'भविष्यातली' दिसली तरीही टाकून द्यायची.

दोन, आधी विचारणं. अनबाउंडमध्ये सर्व्ह-एक्स्पायर्ड नावाचा पर्याय आहे. त्याच्याबरोबर सर्व्ह-एक्स्पायर्ड-क्लायंट-टाइमआउट हा १८०० ठेवला, की तो आधी १.८ सेकंद ताजं उत्तर आणायचा प्रयत्न करतो. नाहीच मिळालं, तर मुदत संपलेलं उत्तर देतो, तेही फक्त ३० सेकंदांच्या मुदतीने. आणि शिळं म्हणजे किती शिळं चालेल त्याला सर्व्ह-एक्स्पायर्ड-टीटीएलने मर्यादा घालता येते. मी एक दिवस ठेवली आहे. हे सगळे आकडे हवेतले नाहीत. मार्च २०२० मध्ये आलेल्या आरएफसी ८७६७ मध्ये शिळी उत्तरं कशी वापरावीत याचे नियम आहेत, त्यातलेच हे.

रीस्टार्टनंतरही पत्ते नीट टिकवायचे असतील तर अनबाउंडचं कॅशडीबी मॉड्यूल आणि रेडिस हा डेटाबेस अशी जोडी आहे. त्यात प्रत्येक उत्तराबरोबर साठवल्याची आणि संपण्याची वेळ लिहिली जाते, त्यामुळे बंद असतानाचा काळही मोजला जातो. म्हणजे बाबांची डायरीच! मात्र हे मॉड्यूल तुमच्या वितरणातल्या अनबाउंडमध्ये घातलेलं आहे का ते आधी बघावं लागतं.

होस्टेलवाल्यांसाठी आणखी एक सूचना. कॅम्पसमधल्या सर्व्हरचे १० ने सुरू होणारे पत्ते फक्त कॅम्पसमध्येच चालतात. ती कॅश घेऊन घरी गेलात तर ते पान तिथे उघडणार नाही. सुट्टीला निघताना ती फाईल पुसून टाका.

मग फायदा किती?

खरं सांगायचं तर होस्टेलच्या वायफायवर काहीच जाणवत नाही. डीएनएसचं उत्तर इथे तसंही डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं. आणि बॅटरी चांगली असणाऱ्यांनी शटडाउन न करता सस्पेंड करावं. रॅम जिवंत राहते, कॅशही राहते. त्यांना यातलं काहीच करायची गरज नाही. फायदा आहे तो रेंज येत-जात असते तिथे, आणि लाईन जाते तिथे. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी.

आणि कधी एखादं पान मोबाईलवर उघडतंय आणि लॅपटॉपवर नाही, किंवा दोन्हीकडे वेगळं दिसतंय असं झालं, तर 'साईट डाऊन आहे' म्हणून गप्प बसू नका. आधी डिगने दोन ठिकाणी विचारा. आकडे वेगळे आले तर अनबाउंड-कंट्रोल फ्लश आणि त्यापुढे ते नाव, एवढी एक आज्ञा द्या, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि मग बघा. ती आज्ञा त्या संध्याकाळी माझ्या रूममेटला माहीत असती तर हा लेख इतका लांबला नसता.

आता तिच्या लॅपटॉपवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. पेन्सिलीने लिहिलेली, तारखेसकट.